बावीस मिनिटांचा पाठ

वसंतपूजेला, म्हणजे घरी वैदिकांना बोलावून मंत्रपठण आणि पन्हं करायला, दोन दिवस उरले होते आणि माजघरात वीस किलो कैऱ्या येऊन पडल्या होत्या, तरी बिंदुमाधवांनी बैठक बोलावलीच. वेळ दुपारी अडीचची. म्हणजे त्यांची झोप झालेली आणि शरदिनीवहिनींची व्हायची असलेली. या घरातले सगळे मोठे निर्णय याच वेळेला झाले होते, आणि त्यातले बरेचसे पुढे फिरवावे लागले होते.

विषय त्यांच्या मुलाचा, केयूरचा होता. केयूरला वेलदोडे आणायला ठठेरी बाजारात पाठवलं होतं. आपल्याबद्दलची बैठक आपल्या गैरहजेरीत व्हावी, हा मान या घरात आतापर्यंत फक्त लग्नाच्या मुलींना मिळत असे.

नरहरशास्त्री खिडकीजवळ कैऱ्यांची देठं काढत बसले होते. बिंदुमाधवांचा हा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडलेला, विधुर, आणि काशीच्या रामघाटावरच्या वेदपाठशाळेत पन्नास वर्षं शिकवणारा घनपाठी. मंत्रातला एकेक शब्द पुढेमागे गुंफून तासन्‌तास म्हणायचा आणि कुठे केसाएवढी चूक होऊ द्यायची नाही, हा त्यांचा धंदा. विद्यार्थी म्हणत, गुरुजी झोपलेले असताना चूक केली तर ते जागे होतात, आणि बरोबर म्हटलं तर घोरतात.

"लंका मोहल्ल्यातल्या त्या बाई," बिंदुमाधवांनी सुनेला विचारलं, "औषध देतात?"

"नाही बाबा," वैदेही म्हणाली. केयूरची ही बायको बँकेतून अर्धी रजा काढून आली होती आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरली होती, त्यामुळे तिचं म्हणणं अधिकृत वाटत होतं.

"नाडी बघतात? जीभ?"

"नाही."

"मग करतात काय?"

"ऐकतात."

"ऐकायला आम्ही काय मेलो होतो?"

"तुम्ही विचारलं नाहीत बाबा. तुम्ही बदाम दिलेत."

हे खरं होतं. माघातल्या एका धुक्याच्या सकाळी केयूर खटावच्या एका वृद्ध यजमानांना घेऊन अस्थिविसर्जनासाठी होडीतून निघाला होता. धुक्यातून एक मोटरबोट आली आणि यांची होडी उलटली. मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, केयूरला वर काढलं. खटावचे आजोबा दोन दिवसांनी सापडले. तेव्हापासून केयूर घाटावर उतरला नव्हता. मोटरबोटीचा आवाज आला की हातातलं टाकून भिंतीला पाठ लावून बसायचा, आणि रामघाटावर मोटरबोटीचा आवाज नाही अशी घटका दिवसात सापडणं मुश्कील. संहिता म्हणताना मध्येच थांबायचा. "आठवत नाही का रे?" विचारलं तर "आठवतंय ना," म्हणायचा, आणि गप्प. घरच्यांनी त्याला अशक्तपणा ठरवून महिनाभर भिजवलेले बदाम खाऊ घातले. बदामांनी केयूरचं वजन वाढलं.

मग वैदेही त्याला लंकेवर, युनिव्हर्सिटीच्या बाजूला, मालविका मिश्रा नावाच्या मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्याला आता सात आठवडे झाले होते.

"त्या म्हणतात, ती गोष्ट त्याच्यासाठी अजून घडून गेलेलीच नाहीये," वैदेही सांगत होती. "बोटीचा आवाज आला की त्याचं अंग समजतं, आत्ता, या क्षणी चाललंय. म्हणून तो तिथे डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगतो. पुन्हा पुन्हा. ते दर वेळी नव्यानं फोनवर रेकॉर्ड होतं. घरी रोज एकदा ऐकायचं. हळूहळू अंगाला कळतं की हे झालं, संपलं, आता मी घरात आहे."

"म्हणजे रोज खपली काढायची," शरदिनीवहिनी म्हणाल्या. त्या केयूरच्या आई, आणि या घडीला नवऱ्याच्या बाजूला होत्या.

"आई, आत पू असला तर काढावीच लागते."

"ते राहू दे," बिंदुमाधव म्हणाले. "मी ठरवलंय. अपमृत्यू घडलाय, त्याची बाधा आहे. त्र्यंबकेश्वरी नारायणबळी करू. तीन दिवसांचं काम. शनिवारची नाशिकची गाडी आहे. तोवर हे लंकेला जाणं बंद. लंकेत जाऊन कोणाचं भलं झालंय?"

"तिथे गेल्यापासून तो पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यापर्यंत जातो बाबा. आधी खिडकीत उभा राहत नव्हता."

"उन्हाळा आला. उन्हाळ्यात सगळेच पायऱ्यांवर जातात."

नरहरशास्त्री देठं काढत होते. त्यांना वैदेहीची बाजू घ्यायची होती. आणि त्यांच्याकडे असा एक पुरावा होता, जो घरात दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

झालं होतं असं, की कानात इअरफोन घातले की केयूरला पाण्यात बुडाल्यासारखं वाटायचं. म्हणून तो रोज सकाळी खोलीचं दार लावून फोन उशीजवळ ठेवायचा आणि हळू आवाजात ऐकायचा. त्याची आणि नरहरशास्त्र्यांची खोली, दोहोंमध्ये फळ्यांची भिंत. पहिल्या दिवशी शास्त्रीबोवांनी कानावर उपरणं घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचं पारायण मोठ्यानं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ते पाठ झालंय. त्यांनी पाठ केलं नव्हतं. पण पन्नास वर्षं एकाच कामाला लावलेला कान ऐनवेळी रजा मागत नाही. बावीस मिनिटांचा पाठ, केयूरच्या खोकल्यासकट.

"दादा," ते म्हणाले, "उपाय चालू दे. फरक आहे."

"तुला काय ठाऊक?"

इथे गप्प बसायला हवं होतं, हे त्यांना पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं.

"फरक आहे म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यात जिथे सात वेळा थांबत होता, तिथे आता दोन वेळा थांबतो. ऐक." आणि हात पुसून, ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, सपाट परीक्षेच्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "सकाळचे सहा वाजलेत. मी रामघाटाच्या खालच्या पायरीवर आहे. समोरचं काही दिसत नाही. आजोबा विचारतायत, काशीत असं रोज असतं का. मी म्हणतो, माघात असतं. त्यांनी अस्थींचं गाठोडं मांडीवर घेतलंय. ते त्याला हळू म्हणतात, बस नीट..."

शरदिनीवहिनींचा हात तोंडाशी गेला. मुलानं तीन महिन्यांत त्यांना यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्या गाठोड्यात आजोबांची बायको होती, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शास्त्रीबोवा म्हणत राहिले. मोटरचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही. मल्लाह ओरडतो. होडी उलटते. बिंदुमाधवांनी एकदा 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"...पाणी कानात जातंय. थंड आहे. आजोबा माझ्या डावीकडे आहेत. मल्लाह मला काखेत धरून वर ओढतोय. कुणीतरी माझ्या अंगावर कांबळं टाकतंय..." शास्त्रीबोवा थांबले. "इथे गळतं."

"काय गळतं?" बिंदुमाधवांनी विचारलं.

"डावीकडे आजोबा आहेत, आणि एकदम मल्लाह. मधलं काहीतरी तो दर वेळी गाळतो. श्वासावरून कळतं. आमच्याकडे पोरं अशीच..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, कारण वैदेही त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या मागे दाराकडे बघत होती.

केयूर हातात कागदाची पुडी घेऊन उभा होता. कधीपासून, ते कुणी विचारलं नाही.

"वेलदोडे," तो म्हणाला आणि पुडी कैऱ्यांवर ठेवली. खिशातून फोन काढला, दोनतीनदा अंगठा फिरवला. "खोडलं. परवा मी लंकेला जाणार नाही." बिंदुमाधवांचा चेहरा उजळायच्या आत तो म्हणाला, "त्र्यंबकेश्वरलाही नाही. आता सगळं बंद. काका, तुमचं पाठांतर उत्तम आहे."

तो खोलीत गेला. कडी लागल्याचा आवाज आला.

"भाऊजी," शरदिनीवहिनी म्हणाल्या, "सात आठवडे तुम्ही हे ऐकत होतात?"

"ऐकू येत होतं वहिनी."

"आणि तुम्ही तो कुठे थांबतो ते मोजत होतात?"

त्या नवऱ्याकडे वळल्या. "शनिवारची गाडी रद्द करा."

"अगं, पण..."

"पोर तोंड उघडून बोललंय ते त्या बाईसमोर. तुमच्यासमोर नाही, माझ्यासमोर नाही. जाईल तर तिच्याकडेच जाईल. आता जातो की नाही, देव जाणे." आणि त्या वैदेहीच्या शेजारी जाऊन बसल्या. बिंदुमाधव काही वेळ एकटेच आपल्या बाजूला राहिले. मग त्यांनी एक कैरी उचलून देठ काढायला घेतलं. जन्मात पहिल्यांदाच, त्यामुळे अर्धी कैरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरशास्त्री कुणाला न सांगता टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसून लंकेवर गेले. मालविका मिश्रा चाळिशीच्या, पांढऱ्या केसांच्या दोन बटा न लपवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि पाण्याचा जग एवढंच होतं. औषधाची बाटली औषधालासुद्धा नव्हती.

शास्त्रीबोवांनी घडलेलं सगळं सांगितलं. मग ज्यासाठी आले होते ते काढलं.

"रेकॉर्डिंग उसने मिटा दिया. पण काळजी नको. मला पूर्ण पाठ आहे. मैं बोलता हूँ, आप उतार लीजिए. एक शब्द इधर-उधर नहीं होगा."

हे ते अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्या परंपरेत पोथी जळली, वाहून गेली, कसर लागली, तर हाच उपाय होता. ज्याला पाठ आहे त्याला बसवायचं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पंडितजी, पहली बात. केयूर के बारे में मैं आपसे कुछ नहीं कहूँगी. वो यहाँ क्या बोलता है, क्या नहीं, वो उसका है. आप काका हैं, तब भी."

"जी."

"दूसरी. आपके यहाँ वह पाठ अच्छा, जो हज़ार साल में न बदले. है ना? हमारे यहाँ उलटा है. आदमी वही बात दसवीं बार सुनाए, और वह थोड़ी बदल जाए, उसमें कुछ जुड़ जाए, तब हम समझते हैं कि काम हो रहा है. आप जो लाए हैं, वह एक दिन की बात है, जमी हुई. उसका मैं क्या करूँ?"

शास्त्रीबोवांनी पन्नास वर्षांत इतकं उफराटं शास्त्र ऐकलं नव्हतं. पण समोरची बाई आपल्या विषयात पक्की आहे, हे त्यांना कळत होतं. तेवढी पारख त्यांना होती.

"लेकिन बीच में कुछ छूटता है. मैंने तो बस..."

"छूटता होगा. वहाँ आदमी अपने पैर से जाता है. धक्का देकर पहुँचाओ, तो लौटकर दोबारा नहीं आता." त्यांनी जगमधलं पाणी पेल्यात ओतून पुढे सरकवलं. "और आप? आपकी नींद कैसी है?"

"माझी?"

"सात हफ़्ते से रोज़ एक आदमी आपके कान में डूब रहा है."

शास्त्रीबोवांनी पेला उचलला. हल्ली पाठशाळेत बसलं असताना, मुलं सुरात म्हणत असताना, त्यांना मध्येच ऐकू यायचं, बस नीट. त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. पण पाणी पिऊन झाल्यावरही पेला बराच वेळ तोंडाशी राहिला, आणि बाई घड्याळाकडे न बघता बसून राहिल्या.

"माफ़ी माँगिए," निघताना त्या म्हणाल्या. "छोटी सी. सफ़ाई मत दीजिएगा कि क्यों किया. और जो दीवार है, उसका कुछ कीजिए."

नरहरशास्त्र्यांनी वयानं लहान माणसाची माफी यापूर्वी मागितली नव्हती. सरावासाठी त्यांनी टोटोत दोनदा म्हणून पाहिली. टोटोवाल्यानं आरशातून पाहून "कोई बात नहीं बाबा" म्हटलं.

भिंतीचं काम सोपं होतं. दुपारी त्यांनी आपली गादी गुंडाळली आणि खाली कोठीच्या खोलीत न्यायला काढली. जिन्याच्या वळणावर गादी अडकली. ती सोडवता येईना, सोडून देता येईना. तेवढ्यात वर कडी निघाली. केयूरनं वरून पाहिलं, खाली आला आणि काही न बोलता दुसरं टोक उचललं.

"कुठे निघालात?"

"खाली. कैऱ्यांजवळ. वरची खोली रिकामी राहील आता. तुझ्या भिंतीपलीकडे कुणी नाही." मग त्यांनी घसा साफ केला. "मी ऐकलं. चारचौघांत म्हटलं. चुकलं माझं."

केयूर वाट बघत राहिला. "आणि?"

"एवढंच. त्या बाई म्हणाल्या, छोटी ठेवा."

"तुम्ही तिकडे गेला होतात?" केयूरला हसू आलं. फार नाही, पण आलं. मग गेलं. "काका, मी अजून चिडलोय तुमच्यावर."

"चीड की."

"पण एक सांगतो. काल मी दारात पहिल्यापासून उभा होतो. तुम्ही म्हणत होतात तेव्हा वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचंतरी आहे. आणि त्या माणसाची मला दया आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि मग तुम्ही म्हणालात, इथे गळतं."

गादी दोघांच्या मध्ये जिन्याला तिरकी टेकली होती. केयूर तिच्यामागे पायरीवर बसला, त्यामुळे शास्त्रीबोवांना त्याचं फक्त डोकं दिसत होतं.

"आजोबांनी माझं उपरणं धरलं होतं," तो म्हणाला. "गारठा होता म्हणून मी ते गळ्याभोवती गुंडाळलेलं. त्यांचा भार आला की आवळायचं. आम्ही दोघं खाली चाललो होतो. मी ते डोक्यावरून काढलं. ओढून. उपरणं त्यांच्या हातात राहिलं, काका. त्यांना वाटत असणार, अजून मला धरलंय."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. नदीवरून एक मोटरबोट गेली. केयूरची बोटं गादीच्या सुतळीत घट्ट रुतली आणि आवाज लांब जाईपर्यंत तशीच राहिली. तो उठून पळाला नाही.

नरहरशास्त्र्यांकडे म्हणायला तीन गोष्टी होत्या. त्यातल्या दोन शास्त्राधाराच्या होत्या, एक साध्या अकलेची. त्यांनी एकही म्हटली नाही. "अजून आहे का?" असंही विचारलं नाही. गादीचं टोक धरून ते उभे राहिले. पाय दुखायला लागल्यावर बसले.

मग केयूर म्हणाला, "हे तिकडे सांगायला पाहिजे."

"तुला वाटलं तर."

"उद्या चारची वेळ आहे. वैदेहीला सांगा, मी जातोय." मग डोकं हलवून, "नको. मीच सांगतो."

गुरुवारी वसंतपूजा झाली. एकवीस वैदिक आले. मनगटांना अत्तर लागलं, कपाळांना चंदन. केयूर सर्वांत मागच्या ओळीत बसला आणि म्हणता म्हणता दोनदा थांबला. दोन्ही वेळा शेजारच्यांचा आवाज पुढे गेला, आणि दोन्ही वेळा तो चालत्या गाडीत चढावं तसा पुढे जाऊन मिळाला. पावणेचारला तो आणि वैदेही निघून गेले.

पन्हं वाटताना बिंदुमाधव भावाशेजारी येऊन टेकले. त्यांना हळू बोलता येत नसे. ते हळू बोलले म्हणजे शेवटच्या पंगतीला ऐकू जाई.

"नरहर, काल तुम्ही दोघं जिन्यात अर्धा तास बसला होतात. वहिनीनं पाहिलं. ते गळलेलं, ते सांगितलं ना त्यानं तुला?"

आसपासचे पाचसहा पेले थांबले.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

नरहरशास्त्र्यांना शब्द न्‌ शब्द येत होता. कुठे श्वास घेतला, कुठे आवाज बसला, भाजीवाला कोणती भाजी विकत होता, तेही. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"आठवत नाही, दादा."

संकठा घाटाकडून आलेले एक वयोवृद्ध वेदमूर्ती कानाला हात लावून पुढे वाकले. या गृहस्थांनी पन्नास वर्षांपूर्वी नरहरशास्त्र्यांची परीक्षा घेतली होती आणि एकही चूक सापडली नाही म्हणून आजवर थोडे नाराज होते. "क्या? नरहर को याद नहीं? कल की बात?"

"कालचीच," नरहरशास्त्री म्हणाले.

"मी बाप आहे त्याचा," बिंदुमाधव खरंच हळू म्हणाले.

"हो. म्हणून तो आला की त्याच्याजवळ बस. विचारू नकोस. बस नुसता."

बिंदुमाधवांनी पन्हं संपवलं आणि ते दाराशी, गल्ली दिसेल अशा जागी, पाट टाकून बसले. केयूरला यायला अजून दीड तास होता.

संध्याकाळपर्यंत रामघाटापासून वर सगळीकडे बातमी पोचली, की नरहरशास्त्र्यांची स्मृती गेली. दोन विद्यार्थ्यांचे वडील 'सहज' चौकशीला आले. संकठा घाटाच्या वेदमूर्तींनी स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीची मोठी बाटली पाठवली, आणि सोबत निरोप, की या वयात व्हायचंच. नरहरशास्त्र्यांनी निरोप्याला डाळ-पन्हं दिलं, आभार सांगितले, आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ते औषध सकाळ-संध्याकाळ दुधातून, सर्वांच्या देखत, चाळीस दिवस घेतलं.